अनोळखी मजकुराचा बंदोबस्त

कामाला हात घालण्यापूर्वी कामाची साधनं नीट करून घ्यावीत, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या समाजांनी मान्य केलेलं आहे. साधनं नीट झाल्यावर कामाला हात घालावा की नाही, याबद्दल मात्र अजून एकमत झालेलं नाही. ही हकीकत ज्या भाषांतरकाराची आहे, तो या दुसऱ्या प्रश्नावर कित्येक वर्षं स्वतःच्या घरी, कुणीही सांगितलेलं नसताना, प्रयोग करत होता.

भाषांतरकार म्हणजे यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपत्रकं येतात ती आपल्या भाषेत आणणारा माणूस. पाण्याचे पंप, कपडे धुण्याची यंत्रं, दाराच्या घंटा, असा त्याचा व्यासंग होता. 'उपकरण उलटे धरू नये' हे वाक्य त्याने आजवर दोनशेच्या वर वेळा लिहिलं होतं (उपकरणं तरीही उलटी धरली जातात, त्याला त्याचा इलाज नव्हता). घरात त्याची ख्याती 'शब्दांतला माणूस' अशी होती. ही ख्याती त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, पसरवली होती. तिला तो लहानपणापासून हुशार वाटत आलेला होता आणि ते मत बदलायला तिला कधी सवड झाली नव्हती.

सवड न होण्याचं कारण तिची नोकरी. ताई रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. एक लांबट खोली, सहा टेबलं, भिंतीभर नकाशा, आणि कानाला लावलेलं यंत्र. कुठेतरी कुणीतरी जिन्यावरून पडतं, कुणाच्या तरी छातीत कळ येते, आणि घरातलं दुसरं माणूस नंबर फिरवतं. तो फोन ताई उचलायची. असं एकतीस वर्षं. ही हकीकत सुरू झाली तिथून तिसऱ्या महिन्याच्या तीस तारखेला ती निवृत्त होणार होती.

नव्या माणसांना शिकवायला कक्षाकडे एक जुनी पुस्तिका होती. फोन करणाऱ्याला क्रमाने विचारायचे बारा प्रश्न तीत दिलेले होते. पूर्ण नाव, वय, रुग्णाशी नातं, आधीचे आजार, चालू असलेली औषधं, असं करत करत पत्ता नवव्या क्रमांकावर यायचा. पुस्तिका अत्यंत काळजीपूर्वक तयार केलेली होती. समितीवर सात जण होते आणि त्यांतल्या एकानेही कधी फोन घेतलेला नसल्यामुळे अनुभवाचा पूर्वग्रह कुठेही आड आलेला नव्हता.

ताईने मोठ्या साहेबांच्या मागे लागून एवढं कबूल करून घेतलं होतं की तीस तारखेच्या आत नवा मजकूर हातात आला तर तो छापू. नाही आला तर जुनीच पुस्तिका पुन्हा छापायची, कारण छापखान्याची तारीख ठरलेली आहे. त्यानंतरची छपाई आठ वर्षांनी. म्हणजे आठ वर्षं पत्ता नववाच.

ताई एकतीस वर्षांत जे काही शिकली ते तिने फोन ऐकता ऐकता वह्यांत टिपून ठेवलं होतं. अशा सात वह्या झाल्या. त्या पिशवीत घालून ती भावाकडे आली.

"मला काही लिहिता येत नाही रे," ती म्हणाली. "नुसतं टिपून ठेवलंय. तू नीट टाइप करून दे. तू शब्दांतला माणूस."

"दोन आठवड्यांत देतो, ताई," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे. ताईसाठी काही करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच दिवशी त्याने टेबल आवरलं, पेन्सिलींना टोकं केली (पेन्सिलींचा या कामाशी संबंध नव्हता), आणि संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत नसला तर मान अवघडते असं कुठेतरी वाचलेलं असल्यामुळे पडदा थोडा वर उचलायचं ठरवलं. सात वह्यांची जाडी नेमकी हवी तेवढी भरली. इतका चपखल आधार पुन्हा मिळाला नसता. वह्या पडद्याखाली गेल्या आणि काम सुरू झालं, असं त्याने मनात धरलं.

मग त्याने टेक्स्ट एडिटर उघडला. म्हणजे ज्यात मजकूर टाइप करायचा तो प्रोग्रॅम. तो उघडायला अकरा सेकंद लागले.

आजवरही अकराच लागत होते. पण घंटांची माहितीपत्रकं लिहिताना माणूस अकरा सेकंद थांबू शकतो. ताईच्या पुस्तकासाठी थांबणं त्याला अपमानास्पद वाटलं. त्याने कागद घेऊन हिशेब मांडला. दिवसातून चार वेळा उघडायचा, म्हणजे चव्वेचाळीस सेकंद. वर्षाला साधारण साडेचार तास. अजून वीस वर्षं डोळे आणि बोटं चालली, तर नव्वद तास. नव्वद तासांत ताईचं पुस्तक दोनदा टाइप होऊ शकत होतं. याचा सरळ अर्थ असा निघाला की ताईचं पुस्तक टाइप करण्याची सर्वात जलद पद्धत म्हणजे ते टाइप न करता आधी एडिटर लवकर उघडायला लावणं.

यासाठी एक प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून जोडायचा पूरक तुकडा, असतं. ते एडिटरचे दोन भाग करतं. एका भागाला सर्व्हर म्हणतात. तो एकदा सुरू झाला की मागच्या बाजूला कायम जागा राहतो आणि सगळ्या फाइली मांडीवर घेऊन बसतो. दुसऱ्याला क्लायंट म्हणतात. तो फक्त खिडकी उघडतो आणि सर्व्हरने धरून ठेवलेलं दाखवतो. खिडकीला स्वतःचं असं काही ओझं नसल्यामुळे ती चटकन उघडते. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने तत्परतेचं श्रेय घ्यायचं, ही व्यवस्था कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला नवी नाही.

प्लगइन बसवायच्या पाच पायऱ्या होत्या. तिसरीला एक दुसरी गोष्ट नव्या आवृत्तीत लागत होती, ती मिळवायला एक तिसरी गोष्ट जुन्या आवृत्तीत न्यावी लागली, आणि त्यापायी प्रिंटर बंद पडला. सहा दिवस गेले. पण सातव्या दिवशी खिडकी अर्ध्या सेकंदात उघडली. भाषांतरकाराला इतका आनंद झाला की त्याने ती बंद केली आणि पुन्हा उघडली. त्या एका दुपारी त्याने ती चाळीस वेळा उघडली आणि अशा रीतीने सात मिनिटं वाचवली.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिला बोलावून त्याने एक्केचाळिसाव्यांदा खिडकी उघडून दाखवली. तिने व्यावसायिक नजरेने पाहिलं.

"दुकान उघडतं छान," ती म्हणाली. "आत माल कधी येणार?"

माल येण्यापूर्वी काही सुधारणा आवश्यक होत्या. सर्व्हर कायम जागा असतो असं म्हणतात, पण तो खरोखर जागा आहे हे कळणार कसं? म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका बसवला. ठिपका खोटं बोलत असला तर? म्हणून ठिपक्यावर नजर ठेवायला दुसरा छोटा सर्व्हर. काही चुकलंच तर त्याची नोंद राहावी म्हणून त्रुटींची एक नोंदवही, जीत चुकलेली प्रत्येक गोष्ट क्रमांक घालून जशीच्या तशी उतरत जाईल. शिवाय शीर्षक पाहून पुढची वाक्यं सुचवणारी एक सोय, कारण ती फुकट होती. या सर्वांमुळे संगणक सुरू व्हायला आता चार मिनिटं लागत. पण ती चार मिनिटं एडिटरची नव्हती, त्यामुळे ती हिशेबात धरण्याचा प्रश्न येत नव्हता.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरची स्थिती थोडक्यात अशी:

एडिटर उघडण्यास लागणारा वेळ: पूर्वी अकरा सेकंद, आता अर्धा.
दिवसातून उघडण्याचं प्रमाण: पूर्वी चार वेळा, आता एकशे दहा.
पुस्तकाची तयार पानं: एक ('रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष: नव्या कर्मचाऱ्यांसाठी'. हे ठळक अक्षरांत असून मधोमध आहे).

तिसरा महिना लागला आणि ताईचा फोन आला. "किती झालं रे?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देणं सोपं होतं, पण त्यात तांत्रिक बाजू झाकली गेली असती. म्हणून तो म्हणाला, "ताई, तुला घरबसल्या दिसेल अशीच सोय करतो." एका सर्व्हरला कितीही क्लायंट जोडता येतात, हे त्या प्लगइनचं खरं सामर्थ्य होतं आणि ते वाया चाललं होतं. रविवारी तो ताईच्या घरी गेला, तिच्या जुन्या संगणकावर क्लायंट बसवला, आणि खिडकी उघडून दाखवली. खिडकीत शीर्षक होतं. त्याखाली पांढरं पान होतं.

"हे तू तिकडे लिहिलंस की इथे दिसणार?" ताईने विचारलं.

"त्याच क्षणी."

ताईने ते पान खालपर्यंत बघितलं. मग तिने चहा केला. तिच्याकडून लिहिलेलं इकडे उमटतं का, हे तपासायचं त्याच्याकडून राहून गेलं. कारण त्या फाइलीत लिहिण्याचा प्रसंग तोवर कुणावरच आलेला नव्हता.

बारा तारखेला, दुपारचे तीन वाजून गेल्यावर, भाषांतरकार हिरव्या ठिपक्याचा रंग थोडा फिका करत असताना शीर्षकाखाली अक्षरं उमटू लागली. आपोआप. एकेक अक्षर, मध्येच थांबत, मध्येच मागे जात. पाच वाजता थांबली तेव्हा दीड पान झालं होतं.

दुसऱ्या माणसाने इथे टाळ्या वाजवल्या असत्या. भाषांतरकार मुरलेला होता. जे पुस्तक अडीच महिने लिहिलं गेलं नाही ते आपोआप लिहिलं जाऊ लागलं, तर तो बिघाड असणार, हे त्याला तत्काळ कळलं.

या प्लगइनच्या भक्तांचा एक मंच होता. तिथे माणसं आपल्या अडचणी लिहीत आणि इतर माणसं ती अडचण आपल्याला कधी आली नाही असं कळवून मदत करीत. भाषांतरकाराने लिहिलं: 'फाइलीतला मजकूर आपोआप वाढतो.' तासाभरात 'घुबड' या टोपणनावाच्या ज्येष्ठ सदस्याचं उत्तर आलं: 'मी हे नऊ वर्षं वापरतो. माझ्या फाइलीतला मजकूर कधीही वाढलेला नाही.' त्यावर 'टाचणी' नावाच्या सदस्याने निदान केलं: वाक्य सुचवणारी ती फुकट सोय मोकाट सुटली आहे. शीर्षक पाहून ती पुढचं पुस्तक स्वतःच्या मनाने रचते आहे.

हे निदान ऐकून भाषांतरकार पेटून उठला. ताईने एकतीस वर्षं माणसांचे आवाज ऐकून जमवलेलं ज्ञान, आणि त्या जागी यंत्राने इकडून तिकडून गोळा केलेला भुसा? हे तो होऊ देणार नव्हता. शब्दांतला माणूस होता तो. त्याने ते दीड पान वाचलं. 'फोन ठेवू नका. समोरचा ठेवेल तेव्हाच ठेवा', असं काहीबाही होतं. यंत्राच्या मानाने बरं लिहिलंय, असं त्याला वाटलं. सवयीने त्याने एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मग सगळं पान पुसून टाकलं.

(हा मजकूर वह्यांत आहे का हे पडताळायला वह्या काढाव्या लागल्या असत्या. त्या पडद्याखाली होत्या.)

पुढचे तीन दिवस दुपारी तीन ते पाच हाच प्रकार. पान लिहिलं जाई, तो पुसून टाकी. हाताने किती पुसणार? सोळा तारखेला, घुबड आणि टाचणी यांच्या मार्गदर्शनाखाली, त्याने बंदोबस्त पुरा केला. आता त्याच्या स्वतःच्या यंत्रावरून न आलेलं कोणतंही अक्षर 'अनोळखी मजकूर' समजलं जाई, दोन सेकंदांत आपोआप पुसलं जाई, आणि पुरावा म्हणून त्रुटींच्या नोंदवहीत क्रमांक घालून उतरे. मजकूर नेमका कोणत्या यंत्रावरून आला हे दाखवणारा एक रकानाही नोंदवहीत होता, पण त्यामुळे पडद्याची रुंदी पुरत नव्हती, म्हणून तो त्याने लपवून ठेवला होता.

पहिल्याच दिवशी एकशे चौदा त्रुटी पकडल्या गेल्या. मंचावर अभिनंदन झालं. आयुष्यात आपण बांधलेली एखादी गोष्ट इतकी बिनचूक चालताना त्याने पहिल्यांदाच पाहिली. दुपारी तीनला जेवणाचं ताट घेऊन तो पडद्यासमोर बसे. अक्षरं उमटत, मोजून दोन सेकंद थांबत, आणि जात. पुन्हा उमटत. पुन्हा जात. यंत्र चिवट होतं, हे त्याने कौतुकाने मंचावर लिहिलं. तेच वाक्य पाच-पाच, सहा-सहा वेळा, थोडं बदलून, पुन्हा पाठवत होतं.

सव्वीस तारखेला मात्र तीन वाजले, सव्वातीन झाले, पाच झाले, आणि पांढऱ्या पानावर काही उमटलं नाही. सत्ताविसालाही नाही. बिघाड समूळ नष्ट झाल्याचं त्याने मंचावर जाहीर केलं. घुबडाने लिहिलं, 'आता मन लावून काम करा.'

अठ्ठावीस तारखेला दुपारी ताई दारात उभी राहिली. हातात तीच पिशवी होती, रिकामी.

"वह्या दे," ती म्हणाली.

"अगं बस तरी. चहा—"

"नको. वह्या दे. साहेबांना सांगितलं मी, जुनीच छापा म्हणून."

भाषांतरकाराने एका हाताने पडदा उचलला आणि दुसऱ्याने वह्या ओढून काढल्या. सगळ्यात वरच्या वहीवर पडद्याच्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता. ताईने तो पाहिला. अंगठ्याने थोडा घासला. वह्या पिशवीत भरून ती जायला वळली आणि दारात थांबली.

"एक विचारू? रागावू नकोस. इतकं वाईट होतं का रे माझं?"

"काय वाईट होतं?"

"लिहिलेलं. वह्या तुझ्याकडे, म्हणून आठवून आठवून लिहीत होते. ड्यूटी संपली की घरी येऊन बसायची, तीन ते पाच. तू लगेच पुसून टाकायचास. म्हटलं, याला नसेल पसंत, आपण अजून सोपं करून लिहू. तरी पुसायचास. दोन आठवडे, अरे. एक वाक्य तरी ठेवायचंस."

भाषांतरकाराला आधी काहीच समजलं नाही, आणि मग सगळं एकदम समजलं. त्याला लाज वाटली. अंग चोरून घ्यावं, कुठेतरी जाऊन बसावं, अशी लाज. त्याच्याकडे एकतीस वर्षांच्या नोकरीतून थेट येणारा मजकूर रोज दुपारी येत होता आणि हा जेवता जेवता तो पुसला जाताना बघत होता.

"ताई, मी पुसत नव्हतो," तो म्हणाला. मग त्याला वाटलं हेही खरं नाही. "म्हणजे मीच पुसत होतो. पण मला वाटलं यंत्र लिहितंय."

"माझं वाचून?"

त्याने खुर्ची पुढे ओढली.

त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि त्रुटींची नोंदवही उघडली. सगळं होतं. सोळा तारखेपासून पंचवीस तारखेपर्यंत तिने जे जे लिहिलं ते सगळं, सेकंदासकट. त्रुटी एक ते एक हजार एकोणसत्तर.

ताई चष्मा लावून वाचू लागली, आणि तिच्या खांद्यावरून तोही. आता वाचण्यावाचून इलाज नव्हता.

'त्रुटी क्रमांक २०८. अनोळखी मजकूर. फोन करणारी व्यक्ती भावनिकदृष्ट्या अस्वस्थ असल्यास तिला योग्य तो धीर देण्यात यावा.'

'त्रुटी क्रमांक २०९. अनोळखी मजकूर. फोन करणारा घाबरलेला असेल तर त्याला शांत करावे.'

'त्रुटी क्रमांक २११. अनोळखी मजकूर. घाबरलेल्या माणसाला शांत व्हा असे म्हणून तो शांत होत नाही.'

'त्रुटी क्रमांक २१३. अनोळखी मजकूर. घाबरलेल्या माणसाला काम द्या. दार उघडून ठेवायला सांगा.'

इथे वस्तुस्थिती म्हणून एक गोष्ट मान्य करावी लागते. भाषांतरकाराने आयुष्यात अनेक मजकूर सुधारले होते, पण इतकं चांगलं संपादन त्याच्या हातून कधीही झालेलं नव्हतं. मजकूर न वाचता तो सरसकट नाकारत राहणं, या एकाच उपायाने प्रत्येक वाक्य उत्तरोत्तर लहान आणि खरं होत गेलं होतं. (काही प्रकाशनसंस्था हीच पद्धत वापरतात, त्यांना नोंदवही ठेवण्याचं मात्र सुचलेलं नाही.)

मग तीनशे दोन आली. ती अर्ध्या पानाची होती. ताईच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एका माणसाचा फोन आला, त्याची बायको बेशुद्ध पडली होती. ताईने पुस्तिकेप्रमाणे विचारायला सुरुवात केली. नाव, वय, नातं, आधीचे आजार, औषधं. सातव्या प्रश्नाला फोन तुटला. तो पुन्हा आला नाही. त्या बाईला आधी कोणते आजार होते, कोणत्या गोळ्या चालू होत्या, ताईला सगळं माहीत होतं. घर कुठे होतं ते माहीत नव्हतं.

तीनशे तीनमध्ये तेच थोडं कमी शब्दांत होतं. तीनशे चारमध्ये नवऱ्याचं नाव गाळलं होतं. तीनशे सातमध्ये ती बाईही नव्हती, फक्त फोन तुटतो एवढंच होतं. असं अकरा वेळा.

'त्रुटी क्रमांक ३१२. अनोळखी मजकूर. पत्ता आधी.'

ताईने चष्मा काढून पदराने पुसला. भाषांतरकार खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर समोरच्या इमारतीतला माणूस सायकलची साखळी बसवत होता.

"हे कागदावर काढता येईल?" ताईने विचारलं.

"ताई, दोन दिवस आहेत. हे त्रुटी क्रमांक वगैरे काढून टाकणारा एक छोटासा प्रोग्रॅम लिहितो. वीस मिनिटांचं—"

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. एकतीस वर्षांत ज्या आवाजाने तिने लोकांना जखम दाबून धरायला लावली होती, त्या आवाजात म्हणाली. त्याने हात मागे घेतला.

तिने स्वतः बसून फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा प्रयत्न ठेवला आणि आधीचे काढून टाकले. तीनशे दोनही काढली. ती आपल्यापुरती, म्हणाली. एकोणतीस तारखेला फाइल साहेबांच्या टेबलावर गेली. साहेबांनी ती चाळली आणि प्रत्येक सूचनेला क्रमांक आहे हे पाहून समाधान व्यक्त केलं. मधले क्रमांक गळालेले आहेत, त्याअर्थी भरपूर काटछाट झाली असणार, असाही अभिप्राय दिला. छापखान्याने जे आलं ते छापलं.

त्यामुळे नवी पुस्तिका आज ज्या रूपात वापरात आहे तीत प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर 'त्रुटी क्रमांक' आणि 'अनोळखी मजकूर' हे शब्द आहेत. नव्या माणसांना ते खटकत नाहीत. सोपं पडतं, म्हणतात. एक जण फोनवर अडखळला तर शेजारचा हळूच म्हणतो, "दोनशे तेरा कर," आणि तो समोरच्या रडणाऱ्या माणसाला दार उघडून ठेवायला सांगतो. तीनशे बाराची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, 'तांत्रिक साहाय्य' या शब्दांपुढे, ताईने धाकट्या भावाचं नाव घातलं आहे. तो ते पान उघडत नाही.

प्लगइन काढून टाकायचं त्याने त्याच संध्याकाळी ठरवलं होतं. ते नीट, मुळापासून निघावं म्हणून सध्या तो एक साधन तयार करतो आहे. काम बरंच पुढे गेलं आहे, असं मंचावरून कळतं.

छापायला देण्यापूर्वी ही हकीकत तेरा जणांना वाचायला दिली होती. एकाने ताईची प्रकृती विचारली. उरलेल्या बारा जणांनी ते प्लगइन कुठे मिळतं ते विचारलं, आणि त्यांतल्या चौघांनी हिरव्या ठिपक्याबद्दल वेगळी चौकशी केली. त्यांना काय सांगायचं? प्रत्येकाला एवढंच विचारलं, की तुमच्या टेबलावर कुणाचं काय पडून आहे, जे तुम्ही लवकरच करून देणार आहात? उत्तर द्यायला एकालाही विचार करावा लागला नाही. तुम्हालाही आत्ता लागला नाही.